पिराजी नावाचा तक्ता

१ नोव्हेंबर १९५३
आजपासून रोजनिशी. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर शाईचा ठिपका पडला म्हणून ते फाडले. त्याचे जोडपान सैल झाले, तेही फाडले. सुरुवात स्वच्छ असावी.

लीलाला चौथा महिना लागला. या खेपेस सर्व काही वेळेवर करण्याचा निश्चय केला आहे. मागच्या वर्षी मुलगा नवव्या दिवशी गेला. बारसे बाराव्या दिवशी होते, आणि नावांची यादी मी दहाव्या दिवशी करणार होतो. ऑफिसच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात नावाच्या जागी 'मुलगा' एवढेच आहे. अक्षर माझेच आहे.

या वेळी नाव आधी तयार असेल. एकशे आठ नावे काढायची, त्यांतून एक निवडायचे. मुदत डिसेंबर अखेर.

४ नोव्हेंबर
देवी टोचण्याचा हंगाम सुरू. नृसिंहराव लस टोचतात, मी आरोग्य खात्याचा कारकून म्हणून बाळाचे नाव, वय आणि गल्ली लिहितो. नृसिंहरावांना लोक देवी डॉक्टर म्हणतात. मला काही म्हणत नाहीत. पण नृसिंहरावांनी टोचलेले आठ दिवसांत वाळते, मी लिहिलेले कायम राहते, हे लोकांना कळत नाही.

आज आमच्याच पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर बसलो. एकोणीस मुलगे आले. पैकी सात पिराजी. सात! आयांना विचारले, सगळ्यांचे उत्तर एकच. तालमीच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड पिराजी, त्याच्यावरून.

माणूस चेंडू जाळ्यात मारतो म्हणून त्याचे नाव मुलाला द्यायचे, हा विचार नव्हे. नाव माणसाला घडवते. माझे नाव गुंडू. गुंडू म्हणजे दगडाचा गोटा. आईबापांनी घाईत ठेवलेले नाव माणसाला किती मागे खेचते, याचे मी चालते उदाहरण आहे. मॅट्रिकला दोनदा बसलो. परीक्षक पेपरावर आधी नाव पाहत असणार.

९ नोव्हेंबर
पिराजी नावाचा तक्ता आखण्यास घेतला. डावीकडे मॅच, मध्ये गोल, उजवीकडे पुढल्या पंधरवड्यात बारशाला ठेवलेले पिराजी. मागच्या हंगामाची माहिती आयांना विचारून भरणार. हे काम आजवर कोणी केलेले नाही असे वाटते.

लीला दोनदा काही सांगायला आली. रेघ मारताना हात हलतो, म्हणून थांब म्हटले. नंतर विचारीन.

१० नोव्हेंबर
विचारायचे राहिले.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
लीलाने ऊद, साखर आणि पिराच्या कबरीवर घालायचा हिरवा गलेफ आणायला सांगितले. दर गुरुवारी ती शेजारणींबरोबर पिराच्या दर्ग्याला जाते. या दिवसांत चालणे चांगले, असे नृसिंहरावही म्हणतात. दुकानात हिरवा नव्हता, निळा आणला. ती चप्पल घालून गेली आणि स्वतः हिरवा घेऊन आली.

तक्त्यातून पहिला सिद्धांत निघाला. एका मॅचमध्ये पिराजीचे तीन गोल झाले, तर पुढच्या पंधरा दिवसांत सरासरी चार पिराजी. एक गोल, तर एक किंवा दोन. मॅच बरोबरीत सुटली की लोक म्हाळोबा, जोतिबा अशा देवांकडे वळतात.

२४ नोव्हेंबर
शेजारचा आकाराम तालमीचा गोलकीपर आहे. परवा त्याच्या मुलाचे बारसे. मी होऊन त्याला माझी यादी दाखवली. एकसष्ट नावे झाली आहेत, सर्व शुद्ध. त्याने ती उभ्याउभ्या वाचली. म्हणाला, "गुंडूराव, ह्यातलं एक बी नाव मैदानावरनं हाक मारायला येत न्हाई. प्रद्योत, पास दे, आसं वरडून बघ की."

घरी येऊन दार लावून ओरडून पाहिले. लीला चुलीपुढे हसत होती. हसणे प्रकृतीला चांगले, म्हणून मी आणखी दोन नावे ओरडून दाखवली.

२६ नोव्हेंबर
आकारामचा मुलगा पिराजी. बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे खाल्ले. निषेध म्हणून पेढा अर्धाच खाणार होतो.

२ डिसेंबर
मूळ शोधायचे तर मुळाशी गेले पाहिजे. पिराजीची आई बनाबाई म्हैस घेऊन सकाळी कट्ट्यावर येते आणि गिऱ्हाइकापुढेच धार काढून देते. वही-पेन्सिल घेऊन सहा वाजता गेलो. मी खात्यातर्फे आलो आहे असे सांगितले नाही, पण नाही असेही सांगितले नाही. प्रश्न विचारला : पिराजी या नावाचा अर्थ काय, आणि ते का ठेवले?

बनाबाई म्हणाली, "पावणं, आदी ती वही मिटा. म्हस बुजतीया."

वही मिटली. मग तिने धार काढता काढता सांगितले. आधीची दोन पोरे पाळण्यातच गेली. मग पिराला नवस केला, की हे जगू दे, तुझं नाव देते. जगले. नाव दिले. फुटबॉलचे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते. चेंडूला लाथ मारायला लागला ते पुढे बारा वर्षांनी. तिने मला पेलाभर दूध प्यायला लावले आणि म्हणाली, "गोल मोजत बसू नगा. पोर मोजा."

माहिती अपुरी. शास्त्रीय कारण नव्हे. तक्त्यात घेतली नाही.

२० डिसेंबर
मोठी बातमी. मुंबईच्या एका गिरणीच्या टीमने पिराजीला घेतला. नोकरी नावाची, काम फुटबॉल खेळण्याचे. पेठेतला पहिलाच, ज्याला खेळायचा पगार मिळणार. अख्खी पेठ हलगी घेऊन स्टेशनवर. मीही गेलो, तक्त्यासाठी. गाडी हलली तेव्हा पिराजी दारात उभा राहून सगळ्यांना हात करत होता. माझ्या दिशेने दोनदा केला.

माझे भाकीत : माणूस नजरेआड झाला की नावही आड होणार. जानेवारीत पिराजी दोनच्या वर जाणार नाहीत.

३१ डिसेंबर, सायंकाळी ५
यादी मुदतीत पूर्ण. एकशे सात नावे सर्वांसाठी. एकशे आठवे फक्त माझ्यासाठी.

दिग्विजय.

पाच वर्षांची रजिस्टरे पालथी घातली. कोल्हापुरात या नावाचे एकही मूल टोचलेले नाही. दिशा जिंकणारा. दगडाच्या पोटी असा मुलगा यावा यात काही न्याय आहे. यादीच्या तळाशी ते लिहून कागद तेवढा दुमडला, म्हणजे कोणी वाचणार नाही. 'दिग्विजय गुंडू' असे एका जागी लिहून पाहिले. मग 'दिग्विजय जी.' असे लिहिले. ते बरे दिसते.

लीलाला फक्त सांगितले की काम झाले. ती म्हणाली, कसलं काम.

२९ जानेवारी १९५४
या महिन्यातले पिराजी : अकरा. भाकीत थोडे चुकले. कारण सापडले. वर्तमानपत्रात मुंबईच्या मॅचची बातमी येते आणि तालमीत ती मोठ्याने वाचतात. वर्तमानपत्र मी हिशेबात धरले नव्हते. तक्त्यात नवा रकाना वाढवला. त्यासाठी सगळा तक्ता पुन्हा आखावा लागला.

नृसिंहरावांनी विचारले, ऑफिसच्या वेळात हे काय चालते. संशोधन म्हणालो. मागच्या आठवड्यात एका बाळाचे नाव मी दोनदा लिहिले आणि दुसऱ्याचे राहिले, हे त्यांनी दाखवले. ती दोन्ही बाळे पिराजीच असल्याने फरक पडत नाही, असे मी दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

६ फेब्रुवारी
लीला माहेरी नेसरीला गेली. सातवा लागला. एस.टी. सुटताना खिडकीतून म्हणाली, "नावाची काळजी करू नका."

माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे, हे या एका वाक्यावरून दिसते.

७ फेब्रुवारी
घर फार मोठे आहे. दोन खोल्यांचे असून मोठे वाटते.

१४ फेब्रुवारी
आज जे घडले ते सविस्तर लिहितो.

पिराजी चार दिवसांच्या रजेवर आला आहे. त्याला मुलगा झाला. सकाळी कट्ट्यावर दूध घ्यायला गेलो तर तो म्हशीजवळ बसलेला. बनाबाईने त्याला सांगितले, हेच ते वहीवालं पावणं. तो उठून उभा राहिला. मला बसायला जागा केली. मी आणि पिराजी एका कट्ट्यावर बसलो आहोत हे निदान तीस लोकांनी पाहिले.

तो म्हणाला, पोराला पिराजी ठेवणार नाही. मी विचारले, का? सगळी पेठ ठेवते. म्हणाला, "माजं नाव आईच्या नवसाचं. ती फेडून मोकळी झाली. लोकं गोलासाठनं ठेवत्यात, तर गोल काय नावाला पडतोय व्हय? उद्या पाय मोडला म्हंजे ह्या समद्या पोरांनी काय करायचं?"

मग, आकारामकडून ऐकली होती म्हणत, त्याने माझी यादी मागितली. मी दिली. तो एकेक नाव बोट ठेवून वाचत तळाशी आला आणि म्हणाला, ही घडी कसली?

मी नाही म्हणायला तोंड उघडले होते. पण ज्याच्यासाठी पेठ स्टेशनवर जाते तो माणूस माझ्या अक्षरावर बोट ठेवून बसला होता. घडी उघडली. फक्त नमुना म्हणून दाखवले. अर्थही सांगितला. त्याने दोनदा म्हणून पाहिले, मग एकदा मैदानावर हाक मारावी तसे ओरडून पाहिले. म्हैस दचकली.

बनाबाई म्हणाली, चांगला दणका हाय नावाला.

नमुना म्हणूनच दाखवले आहे. काळजीचे कारण नाही.

१६ फेब्रुवारी
पिराजीचा मुलगा : दिग्विजय.

१७ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. एका गावात दोन दिग्विजय असू शकतात. शिवाय नाव मी काढले, हे त्याने बारशात सर्वांना सांगितले म्हणे. 'वहीवाल्या पावण्यानं' असे सांगितले. नाव घेतले नाही, पण वर्णन बरोबर आहे.

१५ मार्च
दिग्विजय : सहा. पिराजी : दोन. पेठेत नाव फिरले. दूध घालायला जाणारी बाई पाळण्याकडे बघून 'दिग्या, गप' म्हणाली, ते मी कानांनी ऐकले. तक्त्यात दिग्विजयचा वेगळा रकाना काढताना हात जरा थांबला.

नवे नाव काढणे आले. अडचण अशी की एकशे सात उरलेल्या नावांत एकही असे नाही, जे मी स्वतःसाठी राखून ठेवले होते.

६ एप्रिल
पोस्टकार्ड आले. काल, पाच तारखेस, नेसरीला मुलगा झाला. बाळबाळंतीण खुशाल. बारसे सोळा तारखेस. शिरोळहून अक्का परस्पर जाईल. माझी थोरली बहीण, म्हणजे बाळाची आत्या. पाळण्यात नाव तीच घालणार.

कार्ड चार वेळा वाचले. 'खुशाल' मधला शा पुसट आहे. पाऊस किंवा पाणी पडले असावे. दुसरे काही नसावे.

नृसिंहराव म्हणाले, आजच जा. मी म्हणालो, अकरा तारखेस फायनल आहे, पिराजी त्यासाठी मुद्दाम मुंबईहून येतो आहे, तक्त्याची शेवटची नोंद राहता कामा नये. 

नववा दिवस उलटेपर्यंत जाऊ नये असे वाटते. याला तक्त्यात जागा नाही.

८ एप्रिल
नवी निवड : प्रतापसिंह. दुपारी रद्द. संध्याकाळी : जयवंत. आकाराम म्हणाला, जयवंत नावाचा त्याचा एक मामा आहे, तो सगळीकडे हरतो. रद्द.

११ एप्रिल, रविवार
फायनल. माणसे झाडांवर, भिंतींवर, बैलगाड्यांवर. मी तक्ता घेऊन गोलच्या मागे. खालच्या आळीच्या टीमने पहिल्या हाफमध्ये गोल केला. आकाराम म्हणतो उन्हामुळे चेंडू दिसला नाही. ऊन त्याच्या पाठीकडे होते.

शेवटची दोन मिनिटे उरली असता आम्हाला पेनल्टी मिळाली. पिराजीने चेंडू ठेवला. मैदान इतके गप्प झाले की कोणाच्या तरी कडेवरचे पोर रडत होते ते ऐकू आले. त्याची आई म्हणाली, गप पिराज्या.

चेंडू बारवरून माझ्या डोक्यावरून गेला.

तालमीत कोणी जेवले नाही. पिराजी बूट हातात घेऊन अनवाणी घरी गेला. त्याच्या मागे कोणी नव्हते. मी थोडे अंतर ठेवून कट्ट्यापर्यंत गेलो. बनाबाईने त्याला म्हशीपुढे वैरण टाकायला सांगितले. त्याने टाकली.

तक्त्यात लिहिले : गोल शून्य.

१३ एप्रिल
आज नववा दिवस.
यादी पुन्हा सुवाच्य लिहिली.
पोस्टमन आमच्या गल्लीत आला नाही.
दुसऱ्यांदा विचारून आलो. आला नाही.

१४ एप्रिल
दहावा. आज सकाळी पोस्टमन समोरून आला आणि काही न देता गेला. इतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही.

१५ एप्रिल
नेसरी. एस.टी.त तीन नावे नक्की केली, उतरताना दोन उरली, सासऱ्यांच्या वाड्याच्या वळणावर एक. दारातूनच बाळ दिसले. त्याच्यावर पांघरलेला कपडा वर-खाली होत होता. ते मी बराच वेळ मोजले. अक्का म्हणाली, पाय तरी धू. एकच उरलेले नाव कोणते होते ते आता आठवत नाही.

१६ एप्रिल
बारसे झाले. घडले तसे लिहितो.

पाळणा सजवला. बायका जमल्या. मी यादी बाहेर काढून अक्काला म्हणालो, तीन पर्याय आहेत, प्रत्येकाचा अर्थ समोर लिहिला आहे. अक्काने यादी घेतली आणि पाळण्याची दोरी करकरत होती तिथे घडी करून खुपसली. म्हणाली, "तू गप बस, गुंड्या. नाव कवाच ठरलंय."

मग पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्र केले आणि नाव सांगितले.

पिराजी.

मी म्हणालो, असे कसे? फायनल हरल्यावर? बायका हसल्या. लीला हसली नाही. ती म्हणाली, "दिवस गेले तवाच पिराला बोलले हुते. तुमी तक्त्याच्या रेघा मारत हुता, तवा सांगायलाच आलते. दोनदा."

हिरव्या गलेफाचे मला आता कळले. निळा का चालला नाही तेही.

मी अक्काला म्हणालो, आपल्या घरात नावाचा विचार कधीच होत नाही, माझेच पाहा. ती लाडवाचे ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तुज्या आदी, माज्या पाठची तीन गेली. चौथ्याला आईनं दगडाचं नाव दिलं. दगूड कोन उचलून न्हेतंय? न्हाईच न्हेला. बसलाईस की माज्यापुढं, तिसरा लाडू खात."

एवढी माझ्या नावावर कोणी मेहनत घेतली असेल, अशी कल्पना नव्हती. याची फक्त नोंद करतो. मत नंतर देईन.

२२ मे
आकाराम आला. त्याच्या पिराजीचे रजिस्टरातले नाव खोडून दिग्विजय कर म्हणाला. पेनल्टीनंतर पोराला गल्लीत चिडवतात. पोर सहा महिन्यांचे आहे. मी म्हणालो, रजिस्टरात खाडाखोड होत नाही. तो म्हणाला, तुझ्या बी पोराचं तेच हाय, तुला लाज वाटत न्हाई व्हय?

मी म्हणालो, आमचे फुटबॉलचे नव्हे. आमचे नवसाचे.

हे वाक्य माझ्या तोंडून गेले. परत घेता आले नाही.

१४ ऑक्टोबर १९५४
नवा हंगाम. तालमीच्या कट्ट्यावर पहिली रांग. सहा महिन्यांचे झाले म्हणून लीला मुलाला घेऊन आली. तिच्या पुढे तीन दिग्विजय होते. मागे दोन. तिची पाळी आल्यावर नृसिंहरावांनी नियमाप्रमाणे विचारले, बाळाचे नाव? मी लिहीत होतो, उत्तरही मलाच द्यायचे होते. पिराजी गुंडू. नृसिंहराव म्हणाले, अजून ठेवतात का लोक हे?

टोचल्यावर तो जो रडला, तसा आज रांगेत कोणी रडला नाही. मागचे दोन्ही दिग्विजय जागे झाले. नृसिंहराव म्हणाले, दम आहे. मी पुढच्या मुलाचे नाव लिहायला विसरलो. ते त्यांनी लिहिले.

घरी आल्यावर तक्ता पूर्ण केला. एप्रिलपासून जन्मलेले दिग्विजय : चौदा. पिराजी : एक. म्हणजे गावात कोणी ठेवत नाही असे दुर्मिळ नाव मुलाला द्यायचे, हा माझा गेल्या वर्षीचा संकल्प पूर्णपणे सिद्धीस गेला. नियोजन असेल तर काय होऊ शकते, हे लीलाला तक्ता दाखवून नीट समजावून सांगितले.

ती म्हणाली, तो कागद ठेवा आणि झोळी हलवा जरा.